जादा थांबा

आमचे हे निवृत्त इंजिनड्रायव्हर. बाहेरच्या खोलीत टेबलावर यांनी खेळण्यातली रेल्वे मांडलीय, पण राज्य मांजरांचं. बोका बोगद्यात डुलकी काढायला शिरला, की हे मुकाट्याने गाडी अलीकडेच थांबवतात. आज मला राहवलं नाही. "अहो, लग्नानंतर मी माहेरी निघाले होते. काखेत पिवळी छत्री धरून फलाटावर धावत आले, तरी माझ्या नाकासमोरून गाडी नेलीत. आणि या बोक्यासाठी थांबता?" तेव्हा हे 'वेळ म्हणजे वेळ' म्हणाले होते, आज इंजिनाची चाकं पुसू लागले. तेवढ्यात बोक्याच्या आईने छोट्या फलाटावरून काहीतरी उचललं आणि माझ्या पायाशी आणून टाकलं. बोटाच्या पेराएवढी बाई होती. पाय धावायला उचललेला, काखेत पिवळी छत्री. "ही चोरटी नेमकी तिलाच पळवते," म्हणत यांनी हात पुढे केला. "दे इकडे. ती चढल्याशिवाय गाडी सुटत नाही."