परीचा झगा

"पोरीचं व्हायचं ते झालं, मावशी," बापूसाहेब म्हणाले. "कोर्टात जाऊन तिची बोटं सरळ व्हनार हाईत का?"

कुशाबाईनं चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. दारात आलेल्याला चहा द्यायचा, मग तो कुणी का असेना, ही तिची जुनी रीत. साखर मात्र तिनं आज घातली नव्हती.

बापूसाहेबांचं दौंडला ड्रेपरीचं आणि मंडपाचं दुकान. डिसेंबर उजाडला की निम्म्या तालुक्यातल्या शाळांची गॅदरिंगं त्यांच्याच कपड्यांवर नाचायची. मावळे, कोळिणी, वाघ, पऱ्या, सगळं भाड्यानं. पावती कुणालाच मिळायची नाही, आणि आता त्याच जोरावर माणूस उड्या मारत होता. पोरीच्या अंगावरच्या झग्याचा तर कोळसा झालेला. पोरीच्या भरपाईच्या दाव्यात बापूसाहेबांनी वकिलाकरवी बेधडक लिहून दिलं होतं, की तो झगा आमच्या दुकानातला नव्हेच.

ती पोरगी, प्रगती, तेव्हा दुसरीत होती. अठ्ठ्याण्णव सालच्या गॅदरिंगला तिला परी केलं. अंगात नायलॉनच्या जाळीचा झगा, पंखांना चिकटवलेला कापूस, आणि हातात पेटती पणती. ज्यांनी हे जमवलं त्यांच्या अकलेला काय म्हणावं? झगा ढगळ होता, अंगावर बसेना. मग कुशाबाईनंच पोरीला विंगेत पाठमोरी उभी केली आणि मानेपासून कमरेपर्यंत टाके घालून तो बसता केला. सगळीकडं तसंच करतात. पोरगी खुदुखुदु हसत होती. गुदगुल्या होतात म्हणत होती.

दुसऱ्या कडव्याला पंख पेटला. झगा ओढून काढायला गेले तर तो निघेना. हूक नाही, चेन नाही, नुसते टाके. कुशाबाईनं हातानंच आग विझवली, पण तोवर नायलॉन वितळून पोरीच्या डाव्या हाताला चिकटलं होतं.

त्यानंतर कुशाबाई तिला बघायला पुण्याच्या दवाखान्यात दोनदा गेली. दोन्ही वेळा वॉर्डाच्या दारातनंच मागं फिरली. आत जायचं धाडस होईना, आणि त्याची तिला फार लाज वाटायची.

"तुमच्या शंभूला कायमचा कामाला घेतो," बापूसाहेब म्हणाले. "मंडपाचं समदं त्योच बघंल. तुमी फकस्त उद्या कोर्टात येऊ नका."

कुशाबाईचा मुलगा शंभू भिंतीला टेकून बसला होता. बारावी होऊन दोन वर्षं रिकामा हिंडत होता. त्याची मान वर झाली.

"आन् आले तर?" कुशाबाईनं विचारलं.

"तर उलटं तुमच्याच गळ्यात यील. आपुलकीनं सांगतोय."

"झगा कुनाचा व्हता, बापूसाहेब?"

बापूसाहेबांनी चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप खाली ठेवला. "मला काय ठावं?"

"मंग भ्येता कशाला?"

ते उठले. जाताना त्यांनी शंभूच्या खांद्यावर हात ठेवला, कुशाबाईकडं बघितलंसुद्धा नाही.

बापूसाहेबांची जीप भांडगावच्या फाट्याकडं वळली. शंभू म्हणाला, "आई, ऐक त्यांचं. मोठ्या मान्सांशी वैर आपल्याला झेपतंय व्हय? खरंच अंगावर यील."

"यिऊ दे."

"मी रिकामा बसलोय, ते दिसंना का तुला?"

"दिसतंय की. पन तुजे हात धड हाईत. त्या पोरीला वेणी घालाया दुसऱ्याचे हात लागत्यात."

शंभू भिंतीपासून उठला. तो बाहेर गेला आणि दार उगाचच जोरात लावलं.

दाव्याचं सगळं कुशाबाईनं प्रगतीच्या वकिलांकडून आधीच समजून घेतलं होतं. "दया म्हणून कुणी भरपाई देत नाही, बाई," ते म्हणाले होते. "जबाबदारी कुणाची होती, त्यात कसूर काय झाली, आणि त्या कसुरीनंच इजा झाली, हे दाखवावं लागतं. आपलं घोडं पहिल्याच पायरीवर अडलंय. झगा त्या दुकानातला होता, हे सांगणारं कुणी नाही. भरपाई मिळाली तर मुलीची बोटं सोडवायचं ऑपरेशन होईल. नाहीतर जन्मभर मूठ तशीच."

"म्या सांगते."

"समोरचा वकील तुम्हाला सोलून काढेल."

"काडू द्या. सोलून काडाया ऱ्हायलंय काय?"

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या एसटीनं दौंडला उतरली. कोर्टाच्या पायऱ्यांवर बापूसाहेबांचे दोघं-तिघं उभे होते. एकजण म्हणाला, "म्हातारे, अजून येळ हाय. माघारी जा." कुशाबाईनं पदर खोचला आणि त्यांच्या मधून वाट काढून वर गेली. 

प्रगती मागच्या बाकावर बसली होती, डावा हात ओढणीखाली. त्या गॅदरिंगनंतर कुशाबाईनं आज पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघितलं. पोरगी ओळखीचं हसली. एवढं झालं तरी हसली.

पुकारा झाला. ती पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ घेतली, नाव-गाव सांगितलं. बापूसाहेब समोरच्या बाकावर घाम पुसत होते.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "मुलीच्या तुम्ही कोण? आजी का?"

"कोन न्हाई, सायेब," कुशाबाई म्हणाली. "बारा वर्सं ह्यांच्या दुकानात शिवतीया. त्यो झगा म्याच शिवला, आन् शाळंत नेऊन पोरीच्या अंगावर टाचला बी म्याच. दाव्यात आदी माजं नाव लिवा, मंग त्याच्याखाली ह्यांचं."