तिसावा हात

"बाही वर करा, बाबा."

"मी मापं घेतो. देत नाही," वडील म्हणाले आणि पँटच्या कापडावर खडूची रेघ ओढत राहिले.

मुलीने बीपीचं मशीन कापायच्या टेबलावर जवळजवळ आपटलंच. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची वही आज दुपारी बारापर्यंत द्यायची होती. वहीत तीस वेगवेगळ्या माणसांचा रक्तदाब लिहायचा होता. एकोणतीस झाले होते. साडेदहा वाजत आले होते, आणि नक्की येतो म्हणालेलं तिसावं गिऱ्हाईक ऐन वेळी गावाला निघून गेलं होतं.

कोपऱ्यात मांडीवर कोट घेऊन बसलेल्या काजवाल्या काकांनी हात पुढे केला. "माझाच घे परत. कुणाला कळतंय?"

"मला कळतं ना, काका. एकाच माणसाला दोनदा मोजलं म्हणून दोन माणसं होत नाहीत."

"झालं! संख्याशास्त्र बोललं," वडील म्हणाले.

ते तिला 'सरासरी' म्हणायचे. तिची संख्याशास्त्राची पदवी त्यांनी दुकानातल्या आरशाशेजारी अशी टांगली होती की माप द्यायला उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला ती वाचावीच लागे. पदवीनंतर पोरगी चार वर्षं विमा कंपनीत होती. कुठल्या वयाची किती माणसं पुढच्या वर्षी जातील, याची कोष्टकं करायची. मग एक दिवस राजीनामा देऊन, सव्विसाव्या वर्षी, अठरा वर्षांच्या पोरींमध्ये जाऊन बसली. किती जाणार हे सांगत बसण्यापेक्षा एखाद्याला जाऊ न देणं बरं, असं तिचं म्हणणं. "तिथे पंख्याखाली बसून हजारांनी मारत होतीस," वडील म्हणाले होते, "आता एकेकाच्या मागे पळ." पण बरं केलंस की वाईट, हे काही त्या गृहस्थाने तोंडातून काढलं नाही.

गेला महिनाभर ती सुट्टीच्या दिवशी दुकानात बसून गिऱ्हाइकांचं बीपी बघत होती. आणि गंमत म्हणजे गिऱ्हाइकांना पुढे ढकलायचं काम वडीलच करायचे. "द्या हो हात. त्याशिवाय बाही नीट बसायची नाही!"

सुरुवात काजवाल्या काकांपासून झाली होती. कशी झाली ते विचारू नका. पट्टा बांधला, फुगा दाबला, नळी कानात घातली आणि पोरीचा चेहरा पांढराफटक. "काका, तुमचे ठोके ऐकूच येत नाहीयेत!" काकांनी सुई खाली ठेवली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून चाचपू लागले. "हातातलं काज तेवढं पुरं करून मग जा हो," वडील म्हणाले. नळीच्या टोकाची चकती उलटी फिरली होती, बाकी काही नाही. पण पुढे आठवडाभर वडील येणाऱ्याजाणाऱ्याला काकांची ओळख 'आमचे कैलासवासी' अशी करून देत होते.

दुसऱ्या आठवड्यात एक बस ड्रायव्हर आले. त्यांचा आकडा तिने तीनदा तपासला आणि त्यांना तसंच दवाखान्यात पाठवलं. संध्याकाळी ते मुद्दाम सांगायला आले. डॉक्टरांच्या मशीनवरही तोच आकडा आला होता, गोळ्या सुरू झाल्या होत्या. वडिलांनी ऐकून घेतलं, टेप गळ्यात टाकला आणि कामाला लागले. शाबास म्हणायला काय जात होतं? उलट तेव्हापासून बीपीचं मशीन बाहेर निघालं की त्यांना नेमकं अस्तर आणायला जायचं असायचं.

हेच तिला फार लागलं होतं. साऱ्या गावाचे हात मिळतात, बापाचा मिळत नाही. आणि कालच विमा कंपनीतल्या जुन्या साहेबांचा फोन आला होता. तुझी जागा रिकामी आहे, येतेस का? उद्या सांगते, असं ती म्हणाली होती.

"वहीचं मरू दे, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "तुमचा माझ्यावर भरवसा नसेल तर आत्ता सांगा. मी साहेबांना हो म्हणून टाकते. उगाच आणखी वर्षं कशाला घालवू?"

काकांची सुई थांबली. वडिलांनी खडू ठेवला. तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, स्टूल ओढून बसले आणि बाही वर केली.

तिने आधी चकती तपासली. मग पट्टा बांधला, पारा चढवला आणि हळूहळू सोडला. ठोके एकशे नव्वदला सुरू झाले. एकशे दहाला थांबले. तिने आकडा कागदावर लिहिला. पाच मिनिटं त्यांना नुसतं बसवून ठेवलं, दुसऱ्या हाताचं घेतलं, मग पुन्हा पहिल्याचं. आकडा हलायला तयार नव्हता.

"चुकलं असेल, पोरी," काका आकडा बघून म्हणाले. "मला तर तू पार पोचवलंच होतंस."

"नाही चुकलं, काका." आता तिचा आवाज कापत नव्हता. "तुम्ही दुकान बघा. बाबा, चपला घाला. आपण आत्ता डॉक्टरांकडे जातोय."

"आणि तुझी वही?"

"वही गेली खड्ड्यात. डोकं दुखतं का तुमचं?"

वडील बाहीचं बटण लावत बसले. "दुखतं अधूनमधून. दोनेक महिने झाले असतील."

"दोन महिने!" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आणि मी महिनाभर तुमच्यासमोर मशीन घेऊन बसलेय! एवढासुद्धा भरवसा नव्हता माझ्यावर?"

"वेडी आहेस का?" वडील म्हणाले. "भरवसा नसता तर केव्हाच दिला असता हात."