दारासकट

"दार काढून टाका," सर म्हणाले. "शब्दाचा आणि दाराचा संबंध काय?"

"दार राहील," ती म्हणाली.

पलीकडच्या टेबलावरून मुद्रितशोधकांनी चष्म्यावरून पाहिलं. कोशाच्या कचेरीत सरांना तोंडावर 'राहील' म्हणणारं माणूस त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

इंग्रजी शब्द होता 'पमल' (pummel). इंग्रजी-मराठी कोशाचं काम सकाळपासून त्याच्यापाशीच अडून बसलं होतं. तिने प्रतिशब्दांची रास घातली होती आणि सर एकेक उडवत होते.

"झोडपणं काठीचं. धोपटणं धुण्याचं. तिंबणं कणकेचं. इथे मूठ हवी." त्यांनी मूठ वळून टेबलावर ठेवली, अगदी हलकेच. "आणि एकदा मारून भागत नाही. एकामागून एक, त्याच जागी. म्हणून बुकलणं. थपडेचा वळ उठतो, चारचौघांना दिसतो. मुठीचा मार आत मुरतो. अर्थ कसा बोटांना कळला पाहिजे!"

"आमच्या हिच्या बोटांना बरोबर कळतो," मुद्रितशोधक म्हणाले. "मी भाजी विसरून घरी गेलो की."

ती हसली. सर हसले नाहीत. कचेरीत संसार आणलेला त्यांना खपत नसे. नातीगोती छत्रीसारखी बाहेर ठेवून आत यायचं आणि सगळ्यांनी सगळ्यांना अहो-जाहो करायचं, हा त्यांचा पहिला नियम. मुद्रितशोधकांना 'काका' म्हणायचं ते सरांच्या माघारी. दुसरा नियम त्याहून कडक होता. मनाने रचलेलं वाक्य कोशात जाणार नाही. प्रत्येक उदाहरण कुणाच्या तरी तोंडून आलेलं हवं, आणि ते तोंड कुणाचं, हे सांगता आलं पाहिजे.

तिचं वाक्य होतं, 'आधी दार लावायचं, मग बुकलायचं.'

काल संध्याकाळी ती भांडी विसळत होती, तेव्हा आतल्या खोलीचं दार लागलं. तिने हळूच फटीतून पाहिलं. तिच्या छोटीने उशी भिंतीला टेकवून उभी केली होती आणि इवल्या इवल्या मुठींनी ती उशीवर तुटून पडली होती. दमली तेव्हा तिनेच उशीला पोटाशी धरलं आणि "उगी उगी" म्हणाली. हे काय गं, म्हणून विचारलं, तर आईला एवढंही कळत नाही अशा चेहऱ्याने तिने ते वाक्य सांगितलं.

निजवताना तिने छोटीची मूठ उघडून पाहिली. घामेजलेली, गुलाबी. कितीतरी वेळ तिने ती मूठ मिटू दिली नाही. दिवसभर छोटी जिच्याकडे असते, ती हल्ली उकाड्यातही लांब बाह्या का घालते, तेही तिला तेव्हाच उमगलं.

"दार कापलंत तर ही नोंद मी देणार नाही," ती आता म्हणाली. "मग दुसऱ्या कुणाला द्या."

"अहो, पण हट्ट कशासाठी?"

"दार नसेल तर ते नुसतं भांडण झालं. रस्त्यातलंही असेल. डोकं फिरलं, हात उचलला, असंही असेल. पण दार आलं की कळतं, रागाच्या भरात झालेलं नाही. माणूस उठलाय, चालत गेलाय, कडी घातलीय, आणि मग सुरू केलंय."

सरांची पेन्सिल थांबली. त्यांनी वाक्य पुन्हा वाचलं, ओठ हलवत. चांगलं वाक्य हाती लागलं की त्यांचा चेहरा मऊ होई.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "दार राहू द्या. रचलेलं नाही ना पण?"

"नाही. एका लहान मुलीचं आहे. उशीला बुकलत होती, तेव्हा म्हणाली."

"पोरं बघतात तेच करतात," मुद्रितशोधक हळहळले. "कुठे बघितलं असेल हो तिने?"

"तिला दिवसा सांभाळायला ठेवत होते त्या घरी. माणूस घरात आला की आतलं दार लागायचं."

"आणि तरीही तिथेच ठेवतात?" सरांचा आवाज चढला.

"नाही. आज सकाळी तो कामावर गेला आणि पोरीला तिथून हलवलं. मार खाणारीलाही."

"शाब्बास! याला म्हणतात काळीज." सरांनी टेबलावर थाप मारली. "येऊ दे त्याला घरी. बघू दे दाराला कुलूप. कोण सोडवायला आलं होतं, तेही कळू दे चांगलं!"

"कळेल," ती म्हणाली.

जेवणाची वेळ झाली. सर जेवायला घरीच जात; ताटात पोळी गरमच लागे. त्यांनी कोट झटकून चढवला, दाराकडे निघाले आणि अर्ध्यावरून वळले. नियम म्हणजे नियम.

"बोलणारी राहिलीच की. ही मुलगी कोण?"

मुद्रितशोधक छापखान्यातल्या बारीक खिळ्यांकडे बघावं तसे आपल्या कागदांकडे बघू लागले. ती उभी राहिली.

"तुमची नात, बाबा."