शिलाईची जागा

शिंपीबुवांच्या पावलावरची जखम महिन्याभरात भरली नाही तर पाय कापावा लागणार होता. लेकीला प्रयोगशाळेतून सुट्टी मिळेना, म्हणून ते स्वतःच दर रविवारी जखमेवर पारदर्शक कागद ठेवायचे, कडेने रेघ मारून जखमेच्या जुन्या पट्टीसोबत तिला पाठवायचे. रेघ आठवड्यागणिक आकसत होती. पण पट्टी तपासताना लेकीला त्यात एक एन्झाइम वाढलेलंच सापडलं. आज ती चपलांसकट आत शिरली. “बाबा, हे एन्झाइम म्हणजे कात्री. एरवी कुजलेलं कापून थांबते. मधुमेहात थांबत नाही, नवं विणलेलंही कापत सुटते. मग जखम लहान कशी होतेय?” तिने पट्टी सोडून शेवटचा कागद जखमेवर ठेवला. जखम रेघेबाहेर बोटभर होती. “शिलाईला जागा सोडून आत रेघ मारायची सवय गं.” “आणि दर आठवड्याला जागा वाढवत नेलीत?” त्यांचा चांगला पाय कापड नसलेल्या मशीनचं पायडल दाबत राहिला.