पांढरी डॅफोडिल्स

आठवडा झाला, हेरंबराव बायकोला बागेत पाऊल टाकू देत नव्हते. "गारठा आहे, फुलांचं मी बघतो," म्हणायचे. पाचगणीच्या त्या घरात ज्याने कधी चहाचा कप विसळला नाही, तो माणूस एकाएकी माळी कसा झाला? सुचेताबाईंना संशय येऊ लागला.

साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला दवाखान्यातून डॅफोडिलचे पाच कंद मिळत. ज्याचे कंद, त्यानेच कळ्या धरेपर्यंत रोज हाताने त्यांची माती मोकळी करायची. तळहाताचा घाम मातीत उतरे आणि फुलं रंग धरत. पिवळी आली तर स्मरणशक्ती शाबूत. पांढरी आली तर ती ओसरू लागलेली, म्हणजे सहा महिने पुण्याच्या केंद्रात राहून उपचार.

नवऱ्याचीच फुलं पांढरी झाली असणार, या धास्तीने सुचेताबाई एका सकाळी गुपचूप त्यांच्या मागे गेल्या. हेरंबराव पांढरी फुलं खुडून खताच्या खड्ड्यात पुरत होते.

"अहो, आजार माझ्यापासून लपवता?"

त्यांनी मान वर केली नाही. "माझा वाफा कुंपणापाशी आहे. सगळी पिवळी आलीत."

सुचेताबाईंनी पायाशी पाहिलं. हा वाफा त्यांचा स्वतःचा होता.

"तुझ्यावाचून सहा महिने कसे काढू, सुचेता?"

"म्हणून मला कायमची गमावणार होतात?" त्या कडाडल्या.

उरलेली पांढरी फुलं त्यांनी स्वतः तोडली, पदरात घेतली आणि तडक दवाखान्याची वाट धरली. चपला शोधत हेरंबराव मागोमाग निघाले.