अर्जदार खुशाल

फुलचूरच्या एकाच गल्लीतल्या पंधरा जणांची नावं मतदार यादीतून काढा, असा अर्ज खुशालच्या नावानं ऑनलाइन गेला होता. गल्लीत बातमी फुटली. चौकशीसाठी मतदार यादीचंही काम पाहणाऱ्या अंगणवाडी सेविका अल्काताई आल्या, तेव्हा खुशालच्या हातात बटणांचा जुना मोबाइल होता आणि कुंपणापलीकडं शेजारच्या धुरपताबाई पाठ फिरवून उभ्या होत्या. चार दिवसांपासून त्या त्याच्याशी बोलत नव्हत्या.

"आमचे नावं काऊन काटले, इचारा त्याले," त्या तशाच म्हणाल्या.

"काकी, मले फोनात नंबर टाकता येत नाही. अर्ज कायचा टाकतो?"

अल्काताईंना आल्यापासून एकच कुतूहल होतं. त्यांनी कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "खुशालभाऊ, पंधरावं नाव तुमचंच आहे. कारण लिहिलं आहे, मयत."

धुरपताबाई गर्रकन वळल्या. "मेल्यावर अर्ज केला का रे बाबू?"

खुशाल हसला नाही. "आता काय करा लागन, ताई?"

"पंधराही जणांना कागदं घेऊन तालुक्याला सुनावणीले जा लागन."

भाताच्या रोवणीचे दिवस होते, शेतातलं काम बुडणार होतं. धुरपताबाईंचा चेहरा उतरला. खुशाल अल्काताईंकडं वळला.

"ताई, मेलेल्या माणसाचा अर्ज चालते का?"

"नाही. अर्जदारच मयत असंन, तं अर्ज बाद."

"मंग मले मेलेलाच राहू द्या," खुशाल म्हणाला. "बाकीचे चौदा तं वाचतीन."