पिवळ्या रेघा

“सकाळी आल्या आल्या आधी टाकीतलं पाणी काढायचं,” ग्लेन म्हणाला. त्याने कॉम्प्रेसरखाली हात घालून चावी फिरवली, तसं गंजकट पाणी फुसफुसत फरशीवर आलं. “हे राहिलं की हवेबरोबर गनमध्ये जातं. मग ती आतून गंजते.”

सेबेस्टियनने मान डोलावली. घरापुढच्या या गॅरेजात तो तीस वर्षं गाड्यांची चाकं काढत-लावत होता. हे पाणी काढायला त्यानेच मुलाला शिकवलं होतं. पण ग्लेन उद्या नाशिकला चालला होता, कायमचा, आणि जाता जाता बापाला बापाचंच काम समजावत होता. सेबेस्टियनला ते बरं वाटत होतं. निदान पोरगा बोलत तरी होता.

ग्लेनने नट फिरवायची हवेची गन उचलली आणि नळी जोडतात त्या तोंडात तेलाचे तीन थेंब सोडले. “हे रोज. नटावर बसते ती गोटी बदलताना आधी नळी काढायची, बोट चुकून घोड्यावर पडलं तर हात जाईल. आणि काळी गोटीच लावायची. ती चकचकीत हातपान्याची आहे, गनवर फुटते. तुम्ही नेमकी तीच लावता, वर चष्मा घालत नाही.”

“घालीन.”

“घालाच. आता ओरडायला मी नाही इथे.”

जॅकवर एका गिऱ्हाइकाची गाडी होती. ग्लेनने चाक बसवलं, नट हाताने दोन-तीन आटे फिरवले, मग गनने एकेक करून टेकवले. समोरासमोरचे, आणि नुसते टेकवले. गनवर शेवटपर्यंत भरवसा ठेवायचा नाही, खरं आवळायचं ते टॉर्कच्या पान्याने, ठरलेला जोर लागून तो कट्ट वाजेपर्यंत. आणि तो पाना गन चालवणाऱ्याने धरायचा नाही, दुसऱ्याने धरायचा. आवळून झालं की त्या दुसऱ्याने प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. रेघ नसेल तर गाडी गॅरेजबाहेर जाणार नाही. हा नियम सेबेस्टियनचा. अख्ख्या वसईत असं कोणी करत नाही, हे तो लग्नाकार्यात अनोळखी माणसालाही ऐकवायचा.

“आता दुसरा कुठून आणू?” त्याने विचारलं.

 पाना घेऊन ग्लेन स्वतःच नट आवळायला बसला.

काल चर्चमध्ये क्रिस्टिनाची महिन्याची मिस्सा, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, झाली. क्रिस्टिना ग्लेनची धाकटी बहीण, माणिकपूरला शाळेत शिकवायची. महिन्यापूर्वी सकाळी ती शाळेत निघाली आणि वाटेत तिच्या गाडीचं पुढचं चाक निखळलं; ती वाचली नाही. ते चाक आदल्या संध्याकाळी ग्लेनने बसवलं होतं. तेव्हापासून त्याची आई, तेरेसा, त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. काल चर्चमध्ये तो शेजारी येऊन बसला, तर ती उठून दुसऱ्या बाकावर गेली. रात्री ग्लेनने बॅग भरली.

“ग्लेन,” सेबेस्टियन म्हणाला. “त्या संध्याकाळी तिची गाडी पाना लावायला माझ्याकडे आली होती.”

पाना कट्ट वाजला. ग्लेन पुढच्या नटाकडे वळला.

“मी पाना लावलाच नाही. रोझरीच्या प्रार्थनेची वेळ झाली होती, तुझी मम्मी हाका मारत होती. गिऱ्हाइकाची असती तर बघितली असती. म्हटलं, घरचीच तर गाडी आहे, तू बसवलंयस. नुसत्या रेघा ओढल्या आणि आत गेलो.” तो थांबला. पुढचं बोलणं जास्त जड होतं. “मम्मीने हॉस्पिटलात विचारलं, तुम्ही बघितलं होतं ना? मी म्हणालो, ग्लेनने मला दाखवलंच नाही.”

“मला माहीत आहे,” ग्लेन म्हणाला. “सकाळी मी रेघा बघितल्या होत्या. म्हणून तर तिला चावी दिली.”

सेबेस्टियन टायरच्या चळतीवर बसला. महिनाभर हा पोरगा समोरच्या ताटावर बसून, मान खाली घालून जेवला होता, आणि आपण त्याला आमटी वाढली होती. त्याला स्वतःची किळस आली.

“बोलला का नाहीस?”

ग्लेनने पाना भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला.

“चल,” सेबेस्टियन म्हणाला. “आत्ताच सांगतो तिला. तू कुठे जायचं नाहीस.”

“नको, डॅडी.”

“अरे, पण तुझा काय दोष?”

“माझा राग केला तरी मम्मी जगेल. मी लांबच असणार.” ग्लेन चिंध्यांनी हात पुसत होता, आधीच पुसलेले. “तुमचा राग केला तर या घरात ती कोणाबरोबर राहील?”

सेबेस्टियन रडायला लागला. ग्लेनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग तो काढून घेतला, कारण मागच्या दारात तेरेसा आली होती. तिने दोघांकडे बघितलं, पण नजर एकावरच ठेवली.

“अहो, जेवायला या.”

पडदा सोडून ती आत गेली. आत ताटांचा आवाज झाला. आज दोनच ताटांचा.

“जा तुम्ही,” ग्लेन हळूच म्हणाला. “तिला थांबवू नका. सकाळपासून तिने काही खाल्लं नाहीये.”

सेबेस्टियन उठला, मोरीवर हात धुतले आणि जेवायला गेला.